परदेशातली मिशन ट्रिप : ठरलेलं बदलतं तेव्हा

विमान चुकतं, गाव बदलतं, दुभाष्या येत नाही, शिबिर रद्द होतं. मंडळीतून (चर्चमधून) सेवेसाठी परदेशी टीम नेणाऱ्यांनी आणि टीमची सोय पाहणाऱ्यांनी इथे लिहावं. किस्से नकोत, काय बिनसतं आणि तेव्हा काय करावं, तेवढंच.

टीमप्रमुख

बदल कळला की दहा जणांची दहा मतं होतात. म्हणून निर्णय कोणाचा आणि तो आजारी पडला तर कोणाचा, ही दोन नावं निघण्याआधीच ठरवा. त्यावरही यजमान मंडळीच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, पाळकांचा शब्द. ते ‘आज त्या वस्तीत नको’ म्हणाले, तर कारण खोदून विचारू नये; पुष्कळदा ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये पवित्र आत्मा पौलाची आशियाची आणि बिथुनियाची वाट बंद करतो आणि तो त्रोवसाहून मासेदोनियाला जातो. अशा वेळी हा उतारा हमखास वाचला जातो. जरूर वाचावा, पण ट्रान्झिट व्हिसा (मधल्या देशातून जाण्याचा परवाना) काढायचा राहिला, त्याचं खापर पवित्र आत्म्यावर फोडू नये.

प्रवासाची कागदपत्रं पाहणारी

विमान चुकल्यावर काउंटरवर नवा मार्ग मिळाला की आधी दोन गोष्टी विचारा : मधला देश कोणता, थांबा किती तासांचा. पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशातल्या विमानतळावर 12 तासांहून जास्त थांबलात, तर पुढचे बरेच देश लशीचं प्रमाणपत्र मागतात. ते लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं, म्हणजे ऐनवेळी टोचून उपयोग नाही. 2016 पासून ते आयुष्यभर चालतं.

गाव बदलून हिवतापाच्या भागात जावं लागलं, तर गोळी कोणती हा प्रश्न येतो. मेफ्लोक्विन 2-3 आठवडे आधी सुरू करावी लागते, तेव्हा ती बाद. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सिसायक्लिन 1-2 दिवस आधी सुरू करता येते. तो भाग सोडल्यावर पहिली 7 दिवस, दुसरी 4 आठवडे चालू ठेवायची. कोणाला कोणती चालेल, हे डॉक्टरांकडून निघण्याआधीच लिहून घ्या.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. सगळं शिकवण्याचं साहित्य एकाच बॅगेत भरणं ही नेहमीची चूक. प्रत्येक बॅगेत थोडं थोडं घाला.

वचनसेवा (उपदेश) करणारे

दुभाष्यामुळे वेळ दुप्पट लागतो, त्यामुळे 30 मिनिटांचा संदेश 15 मिनिटांचाच तयार करा. ऐनवेळी नवा दुभाष्या आला, तर 10 मिनिटं त्याच्यासोबत बसा : वचनांचे संदर्भ, विशेषनामं आणि ‘कृपा’, ‘तारण’ यांसारखे शब्द. विनोद आणि शब्दांचे खेळ गाळा. वचनाचं भाषांतर त्याच्याकडून करवून घेऊ नका. त्याच्या भाषेतल्या बायबलमधून वाचू द्या. इथे एक खाचखळगा आहे. रशियन सिनोदल बायबलसारख्या सेप्टुअजिंटच्या (जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर) क्रमाने चालणाऱ्या भाषांतरांत बऱ्याच स्तोत्रांचा आकडा एकाने मागे असतो. आपलं 23वं स्तोत्र तिथे 22वं. नुसता आकडा सांगितलात तर भलतंच स्तोत्र वाचलं जातं. पहिली ओळही सांगा.

वैद्यकीय शिबिर सांभाळणारी

परदेशी डॉक्टरांना तिथल्या नोंदणीशिवाय रुग्ण तपासता येत नाहीत, हे बहुतेक देशांत आहे. परवानगी अडकली तर ‘फक्त रक्तदाब बघू’ अशी पळवाट काढू नका. त्याची झळ यजमान मंडळीला बसते, आपण तर विमानात बसून निघून जातो. औषधं नोंदणीकृत स्थानिक दवाखान्याला द्यायची, तीही त्यांनी मागितलेलीच. पेटीत यादी हवी : जेनेरिक नाव, बॅच क्रमांक, मुदत. दान केलेल्या औषधाची मुदत तिथे पोहोचल्यावर किमान एक वर्ष उरलेली असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

मुलांचे वर्ग घेणारी

शिकवण्याच्या साहित्याचे 40 संच नेले आणि 90 मुलं आली, तर संच बाहेर काढूच नका. निम्म्यांना मिळालं की उरलेल्यांचं रडू आवरत नाही. त्या दिवशी हातवारे करून गाणं आणि येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याचं नाटक. त्याला काहीच सामान लागत नाही. संच यजमानांच्या शब्बाथशाळेला ठेवून या.

बांधकामाची टीम

सिमेंट उशिरा आलं म्हणून शेवटच्या दिवशी स्लॅब ओतू नका. त्यावर किमान 7 दिवस पाणी मारायला माणूस नसेल, तर भेगा पडतात. त्याऐवजी सळ्या बांधून, फळ्या ठोकून काम तिथल्या गवंड्याच्या ताब्यात द्या.