फोटो फिरवून अद्दल घडते?

‘चोरट्याचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाका, जन्माची अद्दल घडेल’ हे मत मला अजिबात पटलं नाही. डिचोलीत आमच्या वाड्यावरच्या सतरा वर्षांच्या पोराचा असाच फोटो फिरला. पहिलीच चूक. गॅरेजवाल्याने काम बंद केलं, शेजाऱ्यांनी बोलणं सोडलं. जवळ करणारे उरले ते जुने सोबतीच, मग तो परत त्यांच्यातच गेला.

आणि कायदा बघा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलाचं नाव, फोटो प्रसिद्ध करायला मनाई करतं. प्रकरण चालू असो की निकाली निघालेलं, चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांनी ती नोंद उघड करायची नसते. गटांच्या ॲडमिननी असे फोटो आजच काढावेत.