भाड्याचं घर, आणि किल्ली कुणाकुणाकडे? तुमचे अनुभव लिहा

ओसरी

काल लेकीचा फोन आला. बाणेरला मैत्रिणीबरोबर भाड्याने राहते. करार संपत आलाय. ती ऑफिसात असताना एजंटचा फोन, "ताई, पार्टी खाली उभी आहे, ओनरकडून किल्ली घेतलीय, पाच मिनिटांत दाखवून निघतो." विचारलं नाही, सांगितलं. ती म्हणाली आत्ता नको, संध्याकाळी या. तोवर पठ्ठ्या दारात पोचला पण होता.

त्यावरून आमचं डोंबिवलीचं घर आठवलं, लग्नानंतरचं पहिलं. मालकीणबाई वरच्याच मजल्यावर. स्वभावाने वाईट नव्हत्या हे आधीच सांगते. पण आम्ही दोघं सकाळच्या लोकलने गेलो की त्या खाली उतरून आमच्या घरात चक्कर मारायच्या. कळायचं कसं? एक तारखेला घरी आलो की भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलेलं असायचं. मागच्या महिन्याचं पान त्यांना बघवायचं नाही. एकदा सासूबाईंचं पत्र टेबलावर पालथं ठेवून गेले होते, परत आले तर ते उताणं. विचारलं तर "अगं, गॅस बंद केलास का ते बघायला आले होते." यावर काय बोलणार? नवरा म्हणायचा जाऊ दे, एवढ्या भाड्यात दुसरीकडे कुठे मिळणार. मी मात्र पत्रं पर्समध्ये घालून ऑफिसला न्यायला लागले.

लेक एजंटशी तावातावाने भांडली, मला तर बरंच वाटलं. तुमच्याकडे असं झालंय का? मालक, एजंट, सेक्रेटरी, कोणीही.

रिकामा_मजला

आंघोळीला होतो. बाहेर आवाज. वाटलं रूममेट लवकर आला. टॉवेल गुंडाळून बाहेर, तर हॉलमध्ये एजंट, नवरा-बायको, कडेवर बाळ आणि एक आजी. एजंट जराही न बिचकता, "बाथरूम रिकामं झालं, बघून घ्या." आजी गेल्या पण बघायला!! गीझर चालतो का तेही मलाच विचारलं. चालतो म्हटलं.

कुंदा_ठाणे

आजी 🙏 लोकलमध्ये एकटीच हसतेय, बाजूची बघतेय.

पाऊलवाट

माझं जरा वेगळं. घर सोडायची वेळ आली होती. मालकांनी फोटो काढू का विचारलं, मी हो म्हटलं. बिचारे नीट विचारून, वेळ ठरवून आले. फोटो त्यांनी एजंटला दिले, त्याने जाहिरातीत टाकले. मैत्रिणीने लिंक पाठवली, "हे तुझंच घर ना?" बेडरूमच्या फोटोत दोरीवर माझे कपडे. ठीक, ते गिळलं. मग झूम केलं. पलंगाशेजारच्या स्टुलावर माझ्या गोळ्यांची पट्टी, नाव स्वच्छ वाचता येत होतं. त्या गोळ्यांचं मी घरीही सांगितलेलं नाही. एजंटला फोन केला तर म्हणे, "मॅडम, सामान असलेलं घर लवकर जातं." मालकांनी दम दिल्यावर त्याने उतरवले, पण तोवर दुसऱ्या एजंटांनी तेच फोटो उचलून आपापल्या नावाने टाकलेले. रात्री जागून शोधत आणि रिपोर्ट करत बसले. आता कोणी फोटो म्हटलं की मी आधी घर आवरते, मीच काढते आणि मीच पाठवते. निदान काय दिसतंय ते तरी आपल्या हातात राहतं.

ओसरी

बाप रे. गोळ्यांचं वाचून पोटात गोळा आला. (विनोद करायचा नव्हता गं, तसंच लिहिलं गेलं.)

चौथी_खोली

आम्ही सगळ्या मुली. काका बेल वाजवायचे आणि त्याच क्षणी किल्ली फिरवायचे. "बेल वाजवली की नाही?" वाजवली हो. पण आम्हाला ओढणी घेण्याइतकाही वेळ नाही. मग आतून वरची कडी घालायला लागलो. तर रुसले, "कडी का लावता, माझ्यावर विश्वास नाही?" आमच्यातली एक फटकळ होती. म्हणाली, "तुमच्यावर आहे काका, दारावर नाही." त्यानंतर फोन करून यायला लागले.

काळा_कोट

कामात आहे, तुटक लिहिते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २८ बघा. मालकाला घराची पाहणी करायचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आधी नोटीस देऊन. भाडेकरू आणि लायसन्सी दोघांनाही लागू. त्यामुळे "तुमचं तर ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, तुम्हाला कसले हक्क" हे ऐकून घेऊ नका. ऑनलाइन नोंदणीच्या ठरलेल्या मसुद्यातही पाहणीचं कलम असतं, रीझनेबल नोटीस देऊनच यायचं असं. कोणी वाचत नाही, अंगठा लावून मोकळे.

आता वाजवी म्हणजे किती तास ते कायद्यात नाही. म्हणून करारातच घालून घ्यायचं. २४ तास आधी व्हॉट्सॲपवर निरोप, आपण किंवा आपलं माणूस घरात असताना, आग-गळती असेल तर गोष्ट वेगळी. केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमध्ये २४ तासच आहेत, पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. एजंटला स्वतःचा असा काही हक्क नाही, तो मालकाचा माणूस म्हणून येतो, म्हणजे अटी त्याच.

कुंदा_ठाणे

एजंट ऐकेल तर शपथ. "मॅडम, फॉरमॅट फिक्स आहे."

काळा_कोट

जास्तीच्या अटी घालायची सोय असते. त्याला टाइप करायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

निवृत्त_नाना

थोडं आमचंही ऐका. माझा एक फ्लॅट भाड्याने दिलाय. खालच्यांच्या बाथरूमच्या छतातून पाणी. भाडेकरू गावाला, फोन लागेना. खालचे रोज ओल्या छताचा व्हिडिओ पाठवतायत, सेक्रेटरीची कटकट वेगळी. शेवटी सेक्रेटरी आणि प्लंबर यांना घेऊन, शूटिंग करतच दार उघडलं. बाथरूम सोडून कुठे गेलो नाही. तरी परत आल्यावर भाडेकरूचा पहिला प्रश्न, "माझं कपाट कोणी उघडलं?" कपाटाचं दार आधीपासूनच अर्धवट उघडं होतं, जाता-येता शूटिंगमध्ये आलं होतं म्हणून सुटलो. वाईट वाटलं. वरचं सगळं वाचल्यावर माणूस असं का विचारतो ते कळलं.

चौथी_खोली

नाना, तुम्ही सज्जन. पण किल्ली तुमच्याचकडे असते ना? मालक, एजंट, एजंटचा पोरगा अशी फिरत नाही ना?

निवृत्त_नाना

छे. वॉचमनकडे असते.

चौथी_खोली

वॉचमन!!!!

रिकामा_मजला

नाना 😂😂

उंबरा_२

स्मार्ट लॉकवाल्यांनी खूश होऊ नका. आमच्या मालकांनी कौतुकाने बसवून दिलं. ॲपचं मुख्य खातं त्यांच्याच फोनवर. एकदा गप्पांत सहज म्हणाले, "फार उशीर होतो हो तुम्हाला, काल पावणेदोन." दार उघडलं की त्यांच्याकडे नोंद! आत पाऊल न टाकता आमच्या घरी कोण कधी आलं ते सगळं त्यांना माहीत. बंद करा म्हटलं तर "काळजीपोटी हो." खूप घासाघीस करून खातं माझ्या फोनवर घेतलं, सोडताना परत देईन असं मेसेजवर लिहून दिलं. काही दिवस जिन्यात भेटले की मान वळवायचे. भाड्याची आठवण मात्र एक तारखेला बरोब्बर यायची.

दूरदेशी

जर्मनीत सगळ्या किल्ल्या भाडेकरूच्या हातात. तो हो म्हणाल्याशिवाय मालकाने एकही स्वतःकडे ठेवायची नाही. ऐकायला छान वाटतं, पण रविवारी रात्री दार ओढून घेतलं आणि किल्ली आत राहिली की कुलूपवाल्याचं बिल बघून रडू येतं. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मालकीणबाई फार आठवतात.

कुंदा_ठाणे

विषयांतर होतंय पण विचारून घेते. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे सगळीकडे कापतात का? आमचा म्हणतो भिंतीवर खिळ्याची भोकं आहेत. ती त्याच्याच खिळ्यांची आहेत.

पाऊलवाट

राहायला गेलात तेव्हाचे फोटो आहेत का? असतील तर पाठवून द्या आणि गप्प बसा. करारात रोजच्या वापरातली झीज सोडून असं लिहिलेलं असतं बहुतेक, तेही दाखवा.

कुंदा_ठाणे

फोटो आहेत!! सामान आलं त्या दिवशीचे, नणंदेने काढलेले. शोधते.

उंबरा_२

लॅच बदलायचा विचार असेल तर मालकाला आधी मेसेज करा. जुना टाकू नका, पिशवीत घालून माळ्यावर ठेवा आणि घर सोडताना परत बसवून द्या. मग कोणी काही बोलत नाही.

रिकामा_मजला

पूर्ण लॅच बदलावा लागतो की नुसतं आतलं सिलिंडर चालतं? आमचं दार जुनं आहे.

उंबरा_२

बऱ्याच वेळा नुसतं सिलिंडर चालतं. काढून घेऊनच दुकानात जा आणि दाराची जाडी मोजून न्या, नाहीतर स्क्रू आखूड पडतात.

रिकामा_मजला

बरं. सुट्टीच्या दिवशी बघतो. तोवर आंघोळीला जाताना कडी.