शाईपेनांचं छोटं ऑनलाइन दुकान: पहिली ऑर्डर येते, दुसरी येत नाही

कृष्णाकाठ_शाई (प्रश्न)

नमस्कार मंडळी. फाउंटन पेनांचं छोटं ऑनलाइन दुकान आहे. देशी ईबोनाइटची (म्हणजे कडक रबराची) आणि ॲक्रिलिकची पेनं, जपानी पायलट आणि जर्मन लामी या कंपन्यांची सुरुवातीच्या किमतीतली मॉडेलं आणि बाटलीतल्या शाया ठेवतो. काम बघणारी माणसं दोनच. एकदा पेन घेतलेलं गिऱ्हाईक सहसा परत फिरकत नाही, ही अडचण. कंपनीचं तेच पेन मोठ्या साइटवर दीड-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळतं. किमतीच्या बाबतीत आपण तिथे टिकणार नाही, हे मान्य.

एका ॲपवाल्याने पॉइंटांची योजना सुचवली आहे: १०० रुपयांच्या खरेदीला ५ पॉइंट, ॲपचं मासिक भाडं वेगळं. विचारायचं ते हे. पॉइंट दिले म्हणून शाईपेनवाले टिकतात का? नसतील टिकत, तर तेच पैसे कशात घालावेत? आणि पाठवण्याआधी निब तपासावी का, शाईत बुडवून बघावी का? ‘वापरलेलं पेन पाठवलं’ अशी तक्रार येईल ही धास्ती आहे.

चीर_आणि_पाती

शेवटच्या प्रश्नापासून धरू, कारण खरी गोम तिथे आहे. शाईपेन हे पहिल्या दिवशी लिहिलं तर लिहिलं. नाही लिहिलं तर नवखा माणूस पेन खणात टाकतो आणि बॉलपेनकडे वळतो. तो तक्रारही करत नाही, म्हणून तुम्हाला कळतही नाही.

तपासणीचं बरंचसं काम शाईशिवाय होतं. १० पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, घड्याळजी वापरतात तसं. आधी निब टोकाकडून, समोरून बघायची. चिरेच्या दोन बाजूंच्या दोन्ही पात्या एका पातळीत हव्यात. एक जरी केसभर वर असली तरी पेन एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला खरवडत चालतं. वर आलेली पाती नखाने हलकेच दाबायची, सोडायची, पुन्हा भिंगातून बघायची. तीन-चार वेळा केलं की बसते. पक्कड लावलीत तर निब गेलीच समजा.

मग निब उजेडाकडे धरून चीर बघायची. निबवरच्या छिद्रापासून टोकाकडे ती निमुळती होत गेली पाहिजे. टोकाशी घट्ट मिटली असेल तर पेन कोरडं चालतं. अशा वेळी ०.०५ मिलिमीटरची पितळी पट्टी छिद्राकडून टोकाकडे दोन-चारदा सावकाश फिरवायची. याच्या उलट, चीर मुळाशी अरुंद आणि टोकाशी रुंद असली तर शाई टोकापर्यंत ओढलीच जात नाही. त्या निबला पट्टी लावू नका, आणखी फाकेल. निब बदलून टाका.

तिसरी जागा म्हणजे निब आणि फीड (निबखालचा, तिला शाई पोचवणारा खाचांचा भाग) यांच्यातली फट. निब फीडला चिकटून, चीर फीडच्या खाचेवर नेमकी मध्ये हवी. देशी पेनांत फीड बहुधा ईबोनाइटची असते. निब-फीड बसवून उकळीच्या जवळ आलेल्या पाण्यात २०-३० सेकंद धरायची, कापडाने दाबून थंड होऊ द्यायची, ती निबचा आकार घेते. प्लॅस्टिकच्या फीडला हा प्रयोग करू नका.

धुण्याचं विसरू नका. नव्या फीडमध्ये यंत्राच्या तेलाचा अंश राहतो आणि तेलाला शाई धरत नाही. नवं पेन अडखळतं याचं हे अगदी नेहमीचं कारण. कपभर साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, रबरी फुग्याने चार-पाच वेळा पाणी आरपार, मग नुसतं पाणी.

आता शाई. धुऊन निघेल अशा निळ्या शाईत फक्त निब बुडवून दोन ओळी लिहायच्या, पेन भरायचं नाही. मग धुऊन रात्रभर टीपकागदावर निब खाली करून ठेवायचं. कंपनीचं सीलबंद पेन न विचारता उघडायचं नाही. ऑर्डरच्या पानावरच प्रश्न ठेवा: ‘निब तपासून पाठवू, की सील तसंच ठेवू?’ ज्यावर लिहून बघितलं तो कागदाचा तुकडा खोक्यात घाला. तुमची ‘वापरलेलं पेन’वाली तक्रार या चिठ्ठीने जाते. शिवाय घरी पेन कोरडं चाललं तर बिघाड पेनचा, की कागद-शाईचा, हे चिठ्ठीवरून दोघांनाही कळतं.

एक दोष मात्र दुकानात दुरुस्त करू नये. टोक जास्त घासलं जाऊन चिरेच्या दोन्ही कडा आतून गोल झालेल्या असतात, त्या कागदाला टेकतच नाहीत. दर शब्दाची पहिली रेघ उमटत नाही, मग पेन सुरळीत चालतं. १२,००० नंबरच्या मायक्रोमेशवर (अगदी बारीक पॉलिश कागदावर) घासून तो निघतो, पण उत्पादकाची हमी बहुधा तिथेच संपते. असं पेन परत पाठवा.

दौतीचा_हिशेब

पॉइंटांचं गणित मांडून बघा. १,२०० रुपयांच्या पेनवर ६० पॉइंट, समजा ६० रुपये. ते वापरायला माणसाने पुन्हा काहीतरी विकत घ्यायला हवं, आणि चांगलं पेन घेतलेल्याला वर्षभर दुसऱ्या पेनची गरज नसते. शाईची म्हणाल तर कन्व्हर्टरमध्ये (बाटलीतून शाई ओढून घेणाऱ्या, पेनच्या आतल्या नळीत) साधारण ०.८ मिलिलिटर मावते. ३० मिलिलिटरची बाटली सदतीस वेळा भरते. आठवड्याला एकदा भरणाऱ्याला ती आठ-नऊ महिने पुरते. म्हणजे गरजेपोटी कोणी परत येत नाही. येतो तो नव्या रंगाच्या ओढीने. पैसे तिथे घाला.

२ मिलिलिटरचे नमुने ठेवा. ३०० रुपयांच्या ३० मिलिलिटर बाटलीतून एका नमुन्याला २० रुपयांची शाई जाते. कुपी, लेबल धरून समजा २८. दोन नमुने म्हणजे ५६. तेच ६० पॉइंट, फक्त ते दुसऱ्या दिवशी कागदावर उतरतात. दोन मिलिलिटरमध्ये कन्व्हर्टर दोनदा भरतो, तेवढ्यात शाई आवडली की नाही हे नक्की ठरतं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ॲशलंडचं गूले पेन्स हे २००९ साली सुरू झालेलं दुकान. शाईचे २ मिलिलिटरचे नमुने, पेन कसं भरावं-धुवावं याचे व्हिडिओ आणि पार्सलमध्ये एक लॉलीपॉप यासाठी ते ओळखलं जातं. (लॉलीपॉपची नक्कल करू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात त्याचा पाक होऊन निबवर बसेल.)

नमुने भरताना चुका होतात त्या अशा. प्रत्येक शाईला वेगळी सिरिंज, बोथट सुईची. कुपीत काढलेली शाई बाटलीत परत ओतायची नाही. एका थेंबातून बुरशी शिरली की अख्खी बाटली वाया. कुपी काठोकाठ नको, ३ मिलिलिटरच्या कुपीत दोनच भरा. लेबलवर शाईचं नाव आणि भरल्याची तारीख. चमकीची शाई बारीक निबवाल्याला फुकट पाठवू नका, फीड तुंबते आणि दोष तुमच्या पेनवर येतो. आयर्न गॉल (लोहाच्या क्षाराच्या, पक्क्या) शाईसोबत ‘पेनात वाळू देऊ नका, वेळच्या वेळी धुवा’ हे लिहून द्या. चित्रकलेची काळी इंडियन इंक पेनात भरायची नसते हेही एकदा छापून टाका, कारण त्यातली लाख फीडमध्ये वाळली की निघता निघत नाही.

पॅकिंग: झाकणावर चिकटपट्टीचा एक वेढा, प्रत्येक कुपी वेगळ्या झिपच्या पिशवीत, आत टीपकागदाचा तुकडा. द्रव पदार्थ विमानाने घ्यायला कुरिअरवाले का-कू करतात, म्हणून शाईचं पार्सल रस्त्याने जाईल असं धरूनच दिवस सांगा.

शिरोरेघ

वरच्या दोघांशी सहमत, पण निब निवडून देण्याबद्दल कोणीच बोललं नाही. ‘एफ (फाइन, म्हणजे बारीक) घ्या’ एवढं सांगून भागत नाही. पायलटची एफ साधारण युरोपीय कंपन्यांच्या ईएफइतकी (एक्स्ट्रा फाइन, अतिबारीक) असते. लामीची एफ वापरलेल्या माणसाला पायलटची एफ ‘टोचते’, आणि उलट्या बाजूने आलेल्याला लामी ‘जाड’ वाटते. दोघेही म्हणतात दुकानदाराने चुकीचं दिलं.

मराठी लिहिणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. ‘ष्ट’, ‘क्ष’, ‘ब’ यांची पोटं लहान. सात-आठ मिलिमीटरच्या ओळीत एम (मध्यम जाडीच्या) निबने, तेही शाई पसरणाऱ्या स्वस्त वहीवर, ही पोटं भरून जातात आणि ‘ब’चा ‘व’ होतो. शिरोरेघ शब्दभर ओढली जाते, त्यामुळे निबची बाजूची खरखर इंग्रजी लिहिणाऱ्याला जाणवत नाही तितकी मराठी लिहिणाऱ्याला जाणवते. तपासणीच्या वेळी नुसते आठचे आकडे काढू नका, डावीकडून उजवीकडे लांब आडव्या रेघा ओढून बघा.

सुलेखनासाठी म्हणून १.१ मिलिमीटरची स्टब (सपाट, रुंद टोकाची निब) मागणारे बरेच असतात. त्यांना आधीच सांगा: स्टब सरळ धरली की उभी रेघ जाड आणि आडवी बारीक येते, म्हणजे शिरोरेघ बारीक. देवनागरीसाठी बोरूचा काप तिरपा असतो, रोमन लिपीच्या उलट बाजूला. त्या वळणाची अक्षरं नेहमीच्या स्टबमधून येत नाहीत. हे विकण्याआधी सांगणाऱ्या दुकानदाराचं एक गिऱ्हाईक त्या दिवशी हातचं जातं, पण पुढच्या वेळी ‘मला काय चालेल?’ हे विचारायला ते तुमच्याकडेच येतं. साइटवर प्रत्येक निबने एकाच कागदावर लिहिलेली एकच मराठी ओळ टाका, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढा. इंग्रजी नमुने जगभर पडलेत, मराठी शोधून सापडत नाहीत.

कृष्णाकाठ_शाई

हे फार उपयोगी आहे. ईबोनाइटची पेनं आयड्रॉपर आहेत, शाई थेट दांडीत भरायची. त्यात ‘निबमधून एकदम ठिबका पडतो’ ही तक्रार फार. त्याचं काय करावं?

चीर_आणि_पाती

शाई तिसऱ्या हिश्शाखाली आली की वरची मोकळी हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. पेन बिघडलेलं नसतं. तिसरा हिस्सा उरला की पुन्हा भरा, किंवा उरलेली काढून टाका. पेन खिशातून काढल्यावर निब वर करून क्षणभर धरलं की फुगलेली हवा निघून जाते. आट्यांतून गळत असेल तर तो वेगळा दोष: आट्यांवर शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. व्हॅसलीन नको, उन्हाळ्यात पातळ होतं आणि रबरी रिंग खराब करतं. प्रत्येक आयड्रॉपरसोबत ग्रीसची छोटी डबी आणि या चार ओळींचा कागद द्या. ईबोनाइट उन्हात फिकं पडतं आणि गंधकाचा वास येतो, तेही त्याच कागदावर.

सुटी निब विकत असाल तर अजून एक. जोवो आणि बॉक या दोन्ही निब-कंपन्यांची ‘सहा नंबर’ आकाराची निब-युनिटं मिळतात, पण त्यांचे आटे एकमेकांत बसत नाहीत. गिऱ्हाइकाकडे कोणतं आहे याची नोंद तुमच्याकडे असली पाहिजे.

नोंदवही

नोंदीचंच सांगते. एक साधी शीट पुरते: पेन, निबची कंपनी आणि जाडी, फीड कशाची, कन्व्हर्टर कोणता, कोणत्या शाईचे नमुने दिले, काय तक्रार आली आणि काय केलं. कन्व्हर्टरचा रकाना हलका समजू नका. पायलट, लामी, सेलर, प्लॅटिनम यांचे आपापले वेगळे असतात. सहा महिन्यांनी ‘माझ्या पेनला कन्व्हर्टर हवा’ एवढाच मेसेज आला आणि तुम्ही नेमका तोच सांगितलात, तर तो माणूस मोठ्या साइटवर शोधत बसणार नाही.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर भिस्त ठेवू नका. एका यादीत २५६ जण, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही. त्यापेक्षा पेन गेल्यावर दहा दिवसांनी एकेकाला एकच ओळ: ‘पेन नीट लिहितंय का?’ त्यासोबत काही विकू नका.

कायद्याचंही बघा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० छोट्या दुकानालाही लागू आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिनाभरात. संमतीच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवता येत नाही, म्हणजे वर सुचवलेला निब-तपासणीचा प्रश्नही मोकळा ठेवा. सदोष माल परत घ्यायला नकार चालत नाही. ‘एकदा शाई भरली की परत नाही’ अशी सरसकट पाटी लावून सुटका नाही, कारण कोरडी निब शाई भरल्याशिवाय कळणार कशी? गिऱ्हाईक असल्याचं भासवून स्वतःच परीक्षणं लिहायलाही बंदी आहे.

ईबोनाइटच्या दांड्याचे रंग लॉटगणिक बदलतात. फोटो जुन्या लॉटचा असेल तर पेन पाठवण्याआधी त्याच पेनचा फोटो पाठवा.

कृष्णाकाठ_शाई

ॲपवाल्याला नको म्हणून कळवतो. भिंग आणि कुप्या मागवल्या. शिरोरेघ ताई, चिठ्ठीवर कोणती ओळ लिहावी?

शिरोरेघ

जोडाक्षरं, ‘ळ’ आणि लांब शिरोरेघ एकत्र येईल अशी कुठलीही. उदाहरणार्थ, ‘कृष्णाकाठच्या वाळूत लक्ष्मी अक्षरं गिरवते’. मात्र प्रत्येक पेनला तीच ओळ, तोच कागद, तीच शाई. आणि चिठ्ठी खोक्यात टाकण्याआधी तिचा फोटो त्या शीटमध्ये लावून ठेवा.