मदत हवी आहे: मुलीच्या बेटा माशाला सोबत म्हणून कोणते मासे चालतील?

झिरमिळची आई

नमस्कार. मासे पाळायची आमची ही पहिलीच वेळ, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक वाटला तरी सांभाळून घ्या.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तीन महिन्यांपूर्वी तिच्या वाढदिवसाला आम्ही बेटा मासा आणला. निळा-हिरवा नर आहे, लांब झुलत्या शेपटीचा. तिने त्याचं नाव झिरमिळ ठेवलंय. टँक ४० सेंमी लांब, २५ सेंमी रुंद, आणि पाणी २० सेंमीपर्यंत भरतो. स्पंज फिल्टर आहे, हीटर २६ अंशांवर लावलेला असतो, दोन खऱ्या वनस्पती आहेत, वर झाकण आहे.

गेले दोन आठवडे झिरमिळ बराच वेळ तळाशी पडून असतो. आधी काचेजवळ बोट नेलं की धावत यायचा, आता नुसता बघतो. खातो, पण पूर्वीसारखा तुटून पडत नाही. मुलीने मनाशी पक्कं केलंय की तो एकटा पडलाय. परवा शाळेत जाताना तिने स्वतःचा छोटा आरसा टँकला टेकवून ठेवला. मी दुपारी पाहिलं तेव्हा विचारलं, तर म्हणाली, "मी नसताना त्याला कोणीतरी दिसत राहील ना." मला गलबलून आलं, म्हणून मी तो काढला नाही.

आता ती रोज विचारते, त्याला मित्र कधी आणायचा. दुकानात दोन गप्पी आणि एक सकर फिश सुचवले. तिला स्वतःला गोल्डफिश हवाय. मी वाचलेल्या यादीत निऑन टेट्रा आणि लाल चेरी कोळंबीही आहेत. एक मादी बेटा आणावी असंही एका ओळखीच्यांनी सांगितलं. यातलं काय खरंच चालेल? चूक होऊन तिच्या डोळ्यांसमोर काही भलतंच घडू नये, एवढंच मनात आहे.

काचेपलीकडे

ताई, सगळ्यात आधी तो आरसा काढा. आज, आत्ता.

मुलीचा हेतू फार गोड आहे, पण झिरमिळला आरशात मित्र दिसत नाही. त्याला दिसतो आपल्या हद्दीत शिरलेला दुसरा नर, जो कितीही दम भरला तरी मागे सरत नाही. कल्ल्यांची झाकणं पुढे काढून, सगळे पर ताणून तो फुगतो ना, ती धमकी असते. दोन-तीन मिनिटं असं झालं तर बिघडत नाही, पण दिवसभर म्हणजे त्याची दमछाक. रात्री खोलीत अंधार आणि टँकचा दिवा चालू असेल तरी आतल्या काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं. खोलीतला आणि टँकचा दिवा एकदमच बंद करत जा.

दुसरं, बेटा एकटा पडत नाही. हा कळपाने राहणारा मासा नाही. मूळचा थायलंडच्या भागातला, भाताची खाचरं आणि दलदल अशा उथळ, संथ पाण्यातला. तिथे प्रत्येक नर आपला तुकडा धरून राहतो आणि दुसऱ्याला हुसकावतो. हरलेला निघून जातो, म्हणून झुंज तिथेच मिटते. काचेच्या टँकमधून निघून जायला जागाच नसते. त्यातून पाळीव बेटाचे पूर्वज तर कित्येक पिढ्या झुंजीसाठी निवडून वाढवलेले. बेटाला फायटर म्हणतात ते त्यावरूनच.

शंखशिंपला

माझ्याकडे बेटा आणि चार गप्पी वर्षभर एकत्र होते, कधी काही झालं नाही. प्रत्येक मासा सारखा नसतो, इतकं घाबरायचं कारण नाही असं वाटतं.

तळ्याकाठी

शंखशिंपला, तुमचा बेटा शांत निघाला हे चांगलंच झालं. पण ते आणल्यावरच कळतं, आणि इथे बघायला आठ वर्षांचं मूल आहे. नर गप्पीची शेपटी रंगीत आणि पसरट असते, बेटाला तो छोटा बेटाच वाटू शकतो. माझ्या टँकमध्ये एका रात्रीत दोन गप्पींच्या शेपट्या फाटल्या होत्या. सकाळी मुलांनीच आधी पाहिलं.

ताई, तुमच्या यादीबद्दल सांगतो. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, बेटाला २४ ते २८ अंश लागतं, म्हणजे एकाला बरं वाटेल तेव्हा दुसऱ्याला त्रास. शिवाय तो खूप घाण करतो आणि त्याला पुढे याच्या कितीतरी पट मोठा टँक लागतो. सकर म्हणून सहसा जो मासा देतात तो आज बोटाएवढा असला तरी एक फुटाच्या वर वाढतो. तुमचा टँकच ४० सेंमीचा आहे. मादी बेटा तर मुळीच नको. नर-मादी फक्त अंडी घालण्यापुरते एकत्र येतात. एकदा अंडी फेसाच्या घरट्यात गेली की नर मादीलाही जवळ फिरकू देत नाही, आणि छोट्या टँकमध्ये ती मरेपर्यंत मार खाऊ शकते. निऑन टेट्रा निदान सहा-आठच्या कळपात हवेत, तुमच्या २० लिटरमध्ये ते बसणार नाहीत. कळप लहान ठेवला की ते बिथरतात आणि दुसऱ्याचे पर कुरतडू लागतात. चेरी कोळंबीचं काय होईल ते झिरमिळच ठरवेल. काही बेटा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, बरेचसे तिला खाणं समजतात.

पण मला काळजी वेगळीच वाटते. तळाशी पडून राहणं, मंदावणं, भूक कमी होणं, ही पाणी बिघडल्याची लक्षणं असू शकतात. टँक कसा साफ करता? पाणी किती आणि किती दिवसांनी बदलता? क्लोरीन घालवायचं औषध टाकता का? पाण्याची तपासणी कधी केली आहे का? हे कळेपर्यंत कृपया एकही नवा जीव आणू नका.

झिरमिळची आई

आरसा काढला. मुलीला समजावलं की झिरमिळला तो शत्रू वाटतो. ती रडली, "मी त्याला दिवसभर घाबरवलं" म्हणून. मग स्वतःच जाऊन त्याला सॉरी म्हणाली.

साफसफाई दर दोन आठवड्यांनी करतो. झिरमिळला भांड्यात काढून सगळं पाणी ओततो, खडे धुतो, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतो आणि नवीन पाणी भरतो. क्लोरीनचं औषध टँकच्या पाण्यात टाकतो, स्पंज मात्र थेट नळाखालीच. स्वच्छ ठेवलेलं बरं, असं वाटायचं. पाण्याची तपासणी कधीच केली नव्हती. तुमचं वाचून टेस्ट किट आणलं. अमोनिया ०.५, नायट्राइट ०.२५, नायट्रेट ५ दाखवतंय. हे वाईट आहे का?

तळ्याकाठी

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही ० असायला हवेत, म्हणून हो, झिरमिळला याचा त्रास होतोय. पण आता कारण हाताला लागलंय, आणि ते एकटेपण नक्कीच नाही. अगदी मन लावून पाळणाऱ्यांकडून हीच चूक होते, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका.

माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो, तो विषारी असतो. स्पंजवर आणि खड्यांवर एक प्रकारचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते थोड्या प्रमाणात मासा सहन करतो आणि पाणी बदललं की कमी होतं. ही सगळी वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं, ते या जिवाणूंनाही मारतं. तुम्ही दर दोन आठवड्यांनी वस्ती उठवत होता, म्हणून ती कधी पुरती बसलीच नाही.

आता असं करा. रोज तपासा. अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५ किंवा वर दिसलं की पाव टँक पाणी बदला, नवीन पाणी आधी औषध टाकून आणि आतल्या पाण्याइतकंच कोमट करून. स्पंज धुवायचा झाला तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच बादलीत दोन-तीनदा हलका पिळा, अगदी स्वच्छ दिसायची गरज नाही. खडे सगळे उपसू नका. खाणं थोडे दिवस कमी ठेवा, बेटाचं पोट जेमतेम त्याच्या डोळ्याएवढं असतं असं समजून दोन-तीन दाणे. मीठ, रंगीत औषधं वगैरे काही टाकू नका.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. दोन गप्पी आले असते तर याच पाण्यात तिप्पट घाण झाली असती, आणि झिरमिळ बहुधा वाचला नसता.

काचेपलीकडे

पुढेमागे मोठा टँक घ्यायचा विचार असेल तर तेव्हाचं लिहून ठेवते. लांबी, रुंदी, पाण्याची उंची सेंमीमध्ये गुणायची आणि १००० ने भागायचं, की लिटर येतात. मुलीलाच करायला द्या. ६० × ३० × ३० म्हणजे ५४ लिटर. एवढ्यात बेटाबरोबर एक छोटा कळप नीट राहतो. माझी पहिली पसंती एम्बर टेट्रा, जेमतेम २ सेंमीचे, नारिंगी, आखूड परांचे. आठ-दहा घ्यावेत. किंवा तळाशी फिरणारे पिग्मी कोरीडोरास सहा-आठ, पण त्यांना खाली मऊ वाळू हवी, टोकदार खड्यांनी त्यांच्या मिशा झिजतात. हार्लेक्विन रासबोराही चांगले, थोडे मोठे. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा मात्र कधीच नाही, लांब शेपटी दिसली की कुरतडणारच. गुरामी हे बेटाचेच भाऊबंद, तेही नको.

नवा कळप तीन-चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवून मगच एकत्र करायचा, म्हणजे रोग सोबत येत नाही. मोठ्या टँकमध्ये आधी कळप सोडायचा, बेटा सगळ्यात शेवटी, म्हणजे ती जागा त्याला आपली वाटत नाही. झाडं दाट लावायची, एका टोकापासून दुसरं टोक दिसू नये इतकी. आणि तुमचा हा २० लिटरचा टँक मोडीत काढू नका. झिरमिळला कोणी नकोच असेल तर त्याला परत जायला घर हवं.

झिरमिळची आई

चार आठवड्यांनी लिहितेय. गेले नऊ दिवस अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १० आहे. पहिल्या आठवड्यात रोज पाणी बदलावं लागलं, नंतर एक दिवसाआड, आता आठवड्यातून एकदा पाव टँक. झिरमिळ पुन्हा बोटामागे धावतो. परवा पाण्यावर फेसाचं घरटंही केलं. मुलीला वाटलं पाणी परत बिघडलं, ती घाबरून मला बोलवायला आली!

तपासणी तीच करते. नळीतला रंग तक्त्याशी जुळवते आणि वहीत तारीख घालून आकडे लिहिते. मासे न आणायचं तिला पटलंय. पण "काहीतरी छोटं, जे झिरमिळला त्रास देणार नाही" असं अजून मनात आहे. गोगलगाय चालेल का? काचेवर थोडं हिरवं शेवाळ आलंय.

शंखशिंपला

माझं गप्पींचं मत मी मागे घेतो, हे सगळं वाचून मलाही बरंच कळलं. पण गोगलगायी मी खूप पाळल्यात, त्याबद्दल खात्रीने सांगतो.

एकच नेराइट गोगलगाय आणा. मिस्ट्री गोगलगाय नको, तिच्या मिशा लांब असतात आणि बेटाला त्या वळवळणाऱ्या अळ्या वाटतात. नेराइट जेमतेम अडीच सेंमीची, शेवाळ खाते, स्वतः फारशी घाण करत नाही, आणि तिची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत, म्हणून टँक गोगलगायींनी भरून जात नाही. मादी असेल तर पांढरे तिळाएवढे ठिपके काचेवर चिकटवते, ती अंडी. खरवडून काढावी लागतात, एवढाच त्रास. शेवाळ संपलं तर शेवाळाची वडी किंवा वाफवलेल्या काकडीचा पातळ काप रात्री टाकायचा आणि सकाळी उरलेला काढायचा. पाणी फार मृदू किंवा आम्लधर्मी असेल तर तिचं कवच झिजतं, पीएच ७ च्या थोडा वर असलेला बरा. झाकण घट्ट ठेवा, त्या चढून बाहेर येतात. आणि पुढे कधी माशाला औषध द्यायची वेळ आली तर त्यात तांबं नाही ना ते आधी वाचा, तांब्याने गोगलगाय मरते.

ती उलटी पडलेली दिसली तर हाताने सरळ करा, काहींना आपलं आपण उलटता येत नाही. हे काम मुलीला आवडेल.

झिरमिळची आई

आमचा पीएच ७.४ आहे, म्हणून आणली. पट्ट्यापट्ट्यांची आहे. आज आठवा दिवस. पहिल्या तासात झिरमिळने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, एकदा कवचाला तोंड लावून पाहिलं, ती आत गेली आणि तशीच बसून राहिली. तो कंटाळून निघून गेला. तेव्हापासून दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत. काचेची एक बाजू तिने लख्ख केलीय. अमोनिया अजून ० आहे.

मुलगी काल रात्री बराच वेळ टँकसमोर बसली होती. मग म्हणाली, "आई, ते मित्र नाहीयेत. ते शेजारी आहेत." आज तिच्या वहीत आकड्यांच्या शेजारी एक नवीन रकाना आहे: गोगलगाय सकाळी कुठे होती.