श्राउड म्हणजे कफनच का?

शब्दखुळा: एका इंग्रजी खूनकथेचं भाषांतर करतोय. धुक्याने डोंगर 'श्राउड' केले, अशी ओळ आहे. मी लिहिलं, 'डोंगर धुक्याचं कफन पांघरून उभे होते.' मित्राने झोडपलं. पण श्राउड म्हणजे कफन, तर क्रियापदातही मढं येणारच ना? शिवाय शब्द आपल्या 'श्राद्ध'वरूनच गेलाय.

रानवाटा: श्राद्ध? आवरा! जुन्या इंग्रजीत 'श्रूड' म्हणजे नुसता कपडा, पोशाख. चिंधीला ते 'श्रेड' म्हणतात, तो याचा सख्खा भाऊ. दोन्हींच्या मुळाशी 'कापणे'. क्रियापदाचा अर्थही आधी अंगावर कपडे चढवणे, मग झाकणे, लपवणे. कफन सोळाव्या शतकात आलं, म्हणून क्रियापदात मढं येत नाही. श्राद्ध श्रद्धेवरून. तिचं लॅटिनमधलं नातलग 'क्रेडो', म्हणजे 'मी विश्वास ठेवतो'; त्यावरून इंग्रजीत 'क्रीड' आणि 'क्रेडिट'. म्हणजे श्राद्धाचे भाऊबंद तुमच्या क्रेडिट कार्डावर सापडतील.

तिरकस: व्युत्पत्ती मान्य, निष्कर्ष नाही. राजीनामा म्हणजे मुळात संमतिपत्र. उद्या साहेबांना संमती म्हणून राजीनामा देऊन बघा! इंग्लंडात 1666 आणि 1678 साली कायदे झाले: मढं लोकरीच्याच कापडात पुरायचं, नाहीतर पाच पौंड दंड. हेतू एवढाच, की देशी लोकरीचा धंदा चालावा. कायदे रद्द झाले 1814 मध्ये. इतक्या पिढ्यांनी श्राउड म्हटल्यावर काय डोळ्यांसमोर आणलं असेल?

रानवाटा: खलाशांनी दोर आणले असतील. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या दोरांना आजही श्राउडच म्हणतात.

तिरकस: ते नाम झालं. चर्चा क्रियापदाची आहे.

माजघर: तुम्ही दोघं इंग्रजीत अडकलात, घोळ मराठीत आहे. पांघरतो तो जिवंत माणूस. कफन दुसऱ्याने घालायचं असतं. मढं उठून स्वतःच कफन पांघरतंय, अशी ओळ झालीय ती.

शब्दखुळा: हे लागलं! श्राद्धही मागे घेतो. 'डोंगर धुक्यात गुरफटले होते' चालेल?

रानवाटा: झकास.

तिरकस: गुरफटतात ते गोधडीत. पुढच्या पानावर खून आहे ना? मग थोडं मढं राहू द्या की.