मदत हवी आहे: कविता, गाणी आणि ओपन माइक एकाच संध्याकाळी

मंडळी, कविता, लाइव्ह संगीत आणि ओपन माइक (ज्याला हवं त्याने मंचावर येऊन सादर करायचं) असा एकत्र कार्यक्रम ठरवतोय. गाणाऱ्यांची काळजी नाही, अडतंय ते कवींपाशी. हळू आवाजात वाचणारे माइकपासून हातभर लांब उभे राहतात. मग मिक्सरवर गेन (माइकचा आवाज किती उचलायचा ते) वाढवला की स्पीकर शिट्टी मारायला लागतो. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवणार आहोतच. पण कवितेसाठी साधा डायनॅमिक माइक बरा, की ४८ व्होल्ट फँटम पॉवरवर (मिक्सरकडून केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) चालणारा, जास्त संवेदनशील कंडेन्सर माइक? तबला-गिटारची जुळवाजुळव चालू असताना मधे ओपन माइकवाले घ्यावेत का? आणि पाच मिनिटं मागून पंधरा मिनिटं वाचणाऱ्याला न दुखावता खाली कसं उतरवायचं? (खरा अवघड प्रश्न हाच!) अनुभव असेल तर जरूर सांगा.