बाकाखाली लपून अणुबॉम्बपासून वाचता येतं यावर लोकांचा खरंच विश्वास होता का?

मधली_सुट्टी:
काल रात्री झोप येत नव्हती म्हणून यूट्यूबवर काहीबाही बघत पडलो होतो, त्यात १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांमधून दाखवायचे ती डक अँड कव्हर नावाची सरकारी फिल्म लागली. बर्ट नावाचं कासव, डोक्यावर हेल्मेट, झाडावरचं माकड काठीला फटाका बांधून त्याच्यासमोर नाचवतं आणि हे पटकन कवचात शिरतं. मग वर्गातली मुलं, बाईंनी इशारा केला की बाकाखाली, हात मानेवर. आधी हसलो, मग हसू आपोआप थांबलं.

हिरोशिमाचे फोटो बघितलेल्या आईबापांना हे पटत होतं का? आणि दुसरं, कम्युनिस्टांची एवढी धास्ती कशापायी? त्यांच्या पक्षाचे अमेरिकेतले मेंबर भर जोमातसुद्धा लाखाच्या आतच होते. या दोन वेगळ्या भीत्या होत्या की एकच?

तिसरी_घंटा:
दुसरं आधी घेतो. नुसत्या तारखा बघ. २९ ऑगस्ट १९४९ला रशियाने पहिला अणुबॉम्ब उडवला, बाहेर कुणाला पत्ता नाही. सप्टेंबरात जपानहून अलास्काकडे जाणाऱ्या अमेरिकन हवामान-विमानाच्या फिल्टर कागदावर किरणोत्सारी धूळ सापडली तेव्हा कळलं, आणि २३ तारखेला ट्रूमनने जाहीर केलं. १ ऑक्टोबरला माओचा चीन. जानेवारी १९५०मध्ये परराष्ट्र खात्यातला एकेकाळचा वजनदार अधिकारी अल्जर हिस खोटी साक्ष दिली म्हणून दोषी ठरला, महिनाअखेर ट्रूमन म्हणाला आता हायड्रोजन बॉम्ब बनवणार, २ फेब्रुवारीला ब्रिटनमध्ये क्लाउस फुक्सला अटक, म्हणजे लॉस अलामॉसच्या अमेरिकन बॉम्ब-प्रयोगशाळेत बसून बॉम्बची माहिती रशियाला पुरवणारा शास्त्रज्ञ. आणि ९ तारखेला व्हीलिंग नावाच्या गावात सिनेटर मॅकार्थी भाषणाला उभा राहतो, म्हणतो परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी माझ्या हातात आहे. आकडा आधी २०५, मग ५७, मग सिनेटमध्ये ८१. यादी कुणी बघितली नाही.

सहा महिन्यांत एवढं सगळं. तोवर बॉम्ब फक्त आपल्याकडे आहे या भरवशावर लोक निवांत होते. आता तो त्यांच्याकडे गेला म्हणजे कुणीतरी दिला असणार, आणि देणारा घरातलाच असणार. त्यामुळे मला विचारशील तर भीती एकच होती. बॉम्ब येणार आकाशातून, पण त्याची वाट शेजाऱ्याच्या दारावरून जाते असं लोकांच्या डोक्यात बसलं होतं. रशियाला बॉम्बची माहिती पुरवल्याच्या कटात दोषी ठरलेल्या रोझेनबर्ग या अमेरिकन नवराबायकोला १९५१मध्ये मृत्युदंड सुनावताना न्यायाधीशाने कोरियातल्या युद्धाचं खापरसुद्धा त्यांच्यावर फोडलं, आणि १९५३मध्ये दोघांना विजेच्या खुर्चीत बसवलं. त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती देणारा फुक्स ब्रिटनमध्ये होता म्हणून १४ वर्षांची शिक्षा, त्यातली ९ भोगून सुटलासुद्धा.

मधली_सुट्टी:
म्हणजे हेर खरेच होते. मग मॅकार्थी बरोबर होता म्हणायचं का?

तिसरी_घंटा:
छे! हेर होते हे खरंच, अमेरिकेने उलगडलेल्या रशियन हेरखात्याच्या सांकेतिक तारा (टेलिग्राम) १९९५मध्ये जाहीर झाल्या त्यात ज्युलियस रोझेनबर्ग सापडतो. पण ती बरीचशी हेरगिरी महायुद्धाच्या काळातली, मॅकार्थी उगवला तोवर ते जाळं बरंचसं उसवलं होतं. नोकऱ्या गेल्या त्या शिक्षकांच्या, कारकुनांच्या, पटकथा लिहिणाऱ्यांच्या, मंदीच्या काळात कुठल्यातरी सभेला गेलेल्यांच्या. चौकशी समितीपुढे ठरलेला प्रश्न, तुम्ही पक्षाचे मेंबर आहात का किंवा कधी होता का. हो म्हटलं की लगेच बाकीच्यांची नावं सांगा, आणि गप्प बसलात तर हा काहीतरी लपवतोय. म्हणजे धरलं तरी चावतं. १९५४च्या डिसेंबरात सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थीचा निषेध केला, पण हा उद्योग त्याच्या आधीपासून चालू होता आणि नंतरही राहिला.

अवांतर: सिनसिनाटी रेड्स या बेसबॉल टीमने १९५३मध्ये नाव बदलून रेडलेग्स केलं. सगळं अंग लाल नको, पाय तेवढे चालतील!

जुनं_रेडिओवेड:
माझ्याकडे त्या काळातला एक अमेरिकन टेबल रेडिओ आहे, दुरुस्तीसाठी घेतला आणि राहिला तो राहिलाच. डायल पुसताना ६४ आणि १२४ या आकड्यांजवळ दोन बारके त्रिकोण दिसले, वाटलं कुणी हाताने खुणा केल्यात, पण छापलेले होते. शोधल्यावर कळलं, याला कॉनेलरॅड म्हणायचे. हल्ल्याची सूचना आली की देशातली बाकी स्टेशनं बंद आणि निवडक स्टेशनांनी फक्त ६४० आणि १२४० किलोहर्ट्झवर आळीपाळीने बोलायचं, कारण शत्रूची विमानं रेडिओच्या लहरींचा माग काढत नेमकी शहरावर येतील. १९५३पासून तिकडे विकायच्या रेडिओंवर ही खूण सक्तीची होती. १९६३मध्ये योजना गुंडाळली, क्षेपणास्त्राला वाट विचारायला रेडिओ लागत नाही ना. रोज सकाळी गाणी लावायला बटण फिरवायचं आणि काटा त्या त्रिकोणावरून जायचा, याचं मला जास्त वाटतं.

खिडकीतली_मी:
पहिल्या प्रश्नाबद्दल थोडं वेगळं मत. बाकाखाली जाणं १९५१ साली अगदीच येडपटपणा नव्हता. हिरोशिमात उडालेल्या काचांनी असंख्य लोक जखमी झाले, आणि स्फोटापासून काही किलोमीटरवर असाल तर आधी लखलखाट दिसतो, धक्का काही सेकंदांनी येतो, तेवढ्यात खिडकीपासून लांब झालात तर फरक पडतो. स्फोट डोक्यावरच झाला तर अर्थात बाकही नाही आणि तुम्हीही नाही. पण मार्च १९५४मध्ये प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बची ब्राव्हो चाचणी झाली, १५ मेगाटन, शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या अडीच पट, हिरोशिमाच्या हजारपट. लांब समुद्रात मासे पकडणाऱ्या जपानी बोटीवरच्या २३ जणांच्या अंगावर पांढरी राख पडली, सगळे आजारी पडले, त्यातला एक त्याच वर्षी गेला. त्यानंतरही शाळेत तीच कवायत चालू ठेवली, ती मात्र नुसती समजूत होती.

आणि तिथून भीतीची दिशा पण थोडी फिरली, रशियाचा बॉम्ब राहिला बाजूला, आपल्याच चाचण्यांची राख गवतावर, गवत गाईच्या पोटात, तिथून दुधात. त्या राखेतलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमसारखं हाडात आणि दातात जाऊन बसतं. ते किती साठलंय हे तपासायला अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये १९५८पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला लागले, लाखोंनी आले, दात पाठवला की मुलाला बिल्ला मिळायचा, मी माझा दात विज्ञानाला दिला असं लिहिलेला. आयांनी पाकिटात दात घालून पाठवले हो. १९६३मध्ये हवेतल्या चाचण्या बंद करायचा करार झाला त्यामागे हे दात पण होते, माझ्या मते कुठल्याही भाषणापेक्षा जास्त.

मधली_सुट्टी:
सगळ्यांचे आभार, दातांचं माहीतच नव्हतं. आत्ता ती फिल्म परत बघितली. फटाका फुटतो, कासव कवचातून बाहेर येतं, झाडाचा कोळसा झालेला आणि माकड गायब. आणि त्या माकडाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.